बांगड्याची टोपली आणि मासळीची टोपली

प्रश्न: सर, मी डिप्लोमाला आहे, प्रोजेक्ट म्हणून मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावाचा हिशेब ठेवणारं ॲप सी शार्पमध्ये करतेय. मासळी हा क्लास, त्यातून बांगडा आणि सुरमई काढलेत. एकूण वजन काढणारी मेथड लिस्ट<मासळी> घेते, तिला लिस्ट<बांगडा> दिली की कंपायलर एरर देतो. बांगडा मासळीच ना, मग अडतं कुठे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: बांगडा मासळीच, तुझं काही चुकलं नाही. पण बांगड्याची टोपली ही मासळीची टोपली नाही, सगळी गोम इथेच आहे. समज कंपायलरने हे चालवून घेतलं, तर मेथडच्या आत ती नुसती मासळीची लिस्ट दिसणार, म्हणजे तिथे कोणी ॲड करून सुरमई टाकली तरी चालणार, आणि बाहेर तू अजून तिला बांगड्याचीच धरून चाललीयस, पुढच्या लूपमध्ये बांगडा काढायला गेलीस की हातात सुरमई. ॲरेला मात्र सी शार्प हे करू देतं, कोड नीट कंपाइल होतो आणि सुरमई टाकायच्या लाइनला प्रोग्राम चालू असताना एक्सेप्शन येतं, त्यामुळे मला तरी लिस्टचा कडकपणाच बरा वाटतो.

तुला वजनच मोजायचंय ना, टोपलीत टाकायचं काही नाही? मग पॅरामीटरला लिस्टच्या जागी आयइन्युमरेबल<मासळी> लिही, झालं. त्यातून फक्त वाचता येतं, म्हणून 2010 च्या सी शार्प 4 पासून तिथे बांगड्याची लिस्ट थेट चालते. उलट्या बाजूनेही सोय आहे, आयकम्पेअरर<मासळी> बांगड्याच्या लिस्टच्या सॉर्टला बिनधास्त दे, कुठल्याही दोन माशांची तुलना ज्याला जमते त्याला दोन बांगड्यांची जमणारच.

पण सगळ्यात जड मासा शोधून परत देणारी मेथड लिहिशील तेव्हा एवढ्याने भागणार नाही, कारण परत येईल ती नुसती मासळी आणि मग तू जागोजागी कास्ट करत, म्हणजे ‘हा बांगडाच आहे’ असं कंपायलरला सांगत बसशील. तिथे मेथड जेनेरिक कर, म्हणजे ठरलेल्या प्रकाराच्या जागी टी हे नाव ठेव, आणि व्हेअर टी : मासळी अशी अट घाल. अट नसेल तर टी म्हणजे काहीही असू शकतं, त्याला वजन आहे हे कंपायलर मानणारच नाही. अट घातलीस की आत वजनही वापरता येतं आणि बांगडे दिलेस तर बांगडाच परत मिळतो.

कास्ट<मासळी> करून टूलिस्ट लावलं तरी तुझी ती पहिली एरर जाते, फक्त ती नवी लिस्ट असते, तिच्यात टाकलेलं मूळ लिस्टमध्ये येणार नाही, तेवढं बघ.