‘गोळीनं गाल खाल्ले, आता काय उरलंय?’

एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी पुण्यात बोलताना एक तक्रार मला सारखी ऐकू येते, जास्त करून पंधरा-वीस वर्षं औषधं घेणाऱ्यांकडून: “गोळ्यांनीच शरीर पोखरलं. अजून किती वर्षं गिळायच्या?”

सुमनताई (नाव बदललं आहे) हडपसरला राहतात, घरोघरी पोळ्या करतात. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढला म्हणून डॉक्टरांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. तीन भेटी “विसरते हो मॅडम” यातच गेल्या. चौथ्या भेटीत त्यांनी सांगितलं, गोळी दिवसाआड घेते.

“का?”

“गाल खाऊन झाले तिचे. आता काय उरलंय?”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली. प्रत्येक समजुतीला पुरावा मागायची मला सवय. “गोळीमुळेच झालं, हे कशावरून?” मी विचारलं.

त्यांनी हातातली बांगडी कोपराच्याही वर सरकवली. हातावरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. मग पर्समधून 2006 चा फोटो काढला. गाल भरलेले. “त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या, दोन वर्षांत हे असं झालं. पायाला मुंग्या, आग. सगळे म्हणायचे, नीट खात जा. मी खातच होते.”

पुरावा समोर होता. मी म्हटलं, “सुमनताई, तुमचं बरोबर आहे. गाल त्या औषधानंच गेले.”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी हो म्हणालं.”

मग कुठे त्यांनी माझं पुढचं ऐकलं. 2004 मध्ये सरकारी मोफत उपचार सुरू झाले तेव्हा अनेकांच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन असे. स्वस्त होती, तिनं जीव वाचवले. पण पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो, आणि त्याच्या प्रती काढणारं एन्झाइम या औषधानं अडतं. म्हणून गाल, हातपाय यांची चरबी विरघळते, नसा दुखावतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्येच हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं.

“आणि आताची?”

त्यांच्या समजुतीतला चुकीचा भाग इथं होता. आता त्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिरची एकत्र गोळी घेतात. मायटोकॉन्ड्रियाला तिचा त्रास फारच कमी. तिचेही दोष मी लपवले नाहीत: मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं (त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात), काहींचं वजन वाढतं. गेलेली चरबी हळूहळू आणि थोडीच परत येते, हेही सांगितलं. गोळ्या चुकवल्या तर मात्र विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

तुमचीही हीच भीती असेल तर गोळी स्वतःहून कमी करू नका. आपल्या गोळीत कुठली औषधं आहेत ते एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राला, विचारा. झिडोव्हुडिन (स्टॅव्हुडिनच्याच गटातलं जुनं औषध) असेल तर पर्यायाबद्दल जरूर बोला. सतत उलट्या, पोटदुखी, धाप लागणं अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्या सहकाऱ्यांनो, औषधाची बाजू घ्यायची घाई करू नका. मीही तीन भेटी तीच घेत बसले होते.

गेल्या महिन्यात सुमनताई आल्या. गाल तसेच आहेत. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “मॅडम, क्रिएटिनिन या वेळी करायचंय ना?”