यार्डात दुखापत झाली तर

मित्रा, नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो. अमेरिकेत रेल्वे कामगाराला इतरांसारखी वर्कर्स कॉम्पेन्सेशनची भरपाई आपोआप मिळत नाही. आपल्याला 1908 चा फेला (FELA) हा रेल्वे कामगारांच्या दुखापतीसाठीचा केंद्रीय कायदा लागू होतो, आणि त्यात कंपनीचा निष्काळजीपणा आपणच सिद्ध करायचा असतो. तो थोडासा जरी कारणीभूत असला तरी चालतं, पण पुरावा हवाच.

म्हणून आधी डॉक्टर, आणि जमेल तितक्या लवकर फोटो. माझा गुडघा गेला तो रुळाशेजारच्या मोठ्या, सैल खडीवर पाय मुरगळून. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथे बारीक खडी पसरलेली! सोबत्याने त्याच रात्री मोबाइलवर काढलेला एक फोटो होता, तोच शेवटी कामी आला.

कंपनीच्या दुखापतीच्या फॉर्मवर खरं तेच लिही, पण घाईत सगळा दोष स्वतःवर घेऊ नकोस. आपल्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. जागेत, अवजारात काय खराब होतं ते नक्की लिही. क्लेम एजंट कितीही आपुलकीने बोलला तरी तो कंपनीचा माणूस. वकिलाशी बोलल्याशिवाय रेकॉर्डिंगवर जबाब नको.

दाव्याची मुदत 3 वर्षं. आणि नोकरी जाईल म्हणून दुखणं लपवू नकोस रे. कळवल्याबद्दल त्रास दिला तर 180 दिवसांत ओशाकडे (OSHA, कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) तक्रार करता येते.