एकाच पेटीत सहा कोळी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : रेगालिस नावाच्या, झाडावर राहणाऱ्या टॅरँट्युलाची (मोठ्या केसाळ कोळ्याची) अंड्यांच्या एकाच कोशातली सहा पिल्ले मिळत आहेत. विक्रेता म्हणतो, एकत्र बिनधास्त ठेवा. पेटी केवढी घ्यावी आणि आत काय काय लागेल? (कराड)

‘बिनधास्त’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. पोएसिलोथेरिया वंशातल्या या कोळ्यांची मादी झाडाच्या ढोलीत राहते आणि पिल्ले बरेच दिवस तिच्याच आसऱ्याने वाढतात. त्यामुळे जन्मापासून अंगाला अंग लागून वाढलेली भावंडे एकमेकांना सहन करतात. सहन करतात, एवढेच. भूक लागली, जागा कमी पडली किंवा एखादे मागे राहून लहानच राहिले, की ही सहनशक्ती संपते. म्हणून तीन अटी पक्क्या: अंड्यांचा कोश एकच हवा, पिल्ले कधीही वेगळी केलेली नसावीत आणि आकार जवळपास सारखा असावा. महिनाभर वेगळे ठेवलेले पिल्लू परत घोळक्यात सोडू नका, त्याला परकेच समजले जाते. नंतर एखादे ‘जोडीला’ विकत आणून सोडणे तर मुळीच नको.

पैसे देण्याआधी कागद मागा. हा संपूर्ण वंश २०१९ पासून सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटिसमधले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि ते बाळगणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक झाले. ही नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. प्राणी कुठून आला हे कागदावर दाखवता येत नसेल, तर व्यवहार करू नका.

पायांसकट २-३ सेंटीमीटरच्या पिल्लांना २० × २० × ३० सेंटीमीटरची उभी पेटी पुरते. सुरुवातीलाच मोठी घेतली तर भक्ष्य कोपऱ्यात दडते आणि पिल्ले उपाशी राहतात. ती ८ सेंटीमीटरची झाली की ३० × ३० × ४५ ची पेटी घ्या. हलवताना कोळी एकेक उचलू नका. जाळ्यासकट अख्खी साल उचलून नव्या पेटीत उभी करा. ओळखीचे जाळे सोबत आले की गोंधळ कमी होतो.

सहा कोळ्यांना आठ लपण्या (लपायच्या जागा) द्या. बाहेरून येणारी कॉर्कची साल महाग पडते. तिच्याऐवजी आंब्याच्या किंवा जांभळाच्या वाळक्या फांदीची जाड साल चालते. ती अर्धा तास उकळा आणि कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा. बांबूची नळी दिसायला छान, पण साताऱ्याकडच्या पावसाळ्यात आतून बुरशी धरते. निलगिरी, चीड, देवदार अशी उग्र वासाची लाकडे नकोत. सालीचे तुकडे मागच्या काचेला किंचित तिरके टेकवा, खालचे टोक निदान ५ सेंटीमीटर मातीत रोवा आणि साल-काचेमध्ये बोटभर ते दोन बोटे फट ठेवा. न रोवलेली साल आडवी झाली, तर मागे बसलेला कोळी चिरडतो.

तळाला धुऊन पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ८ सेंटीमीटर भरा आणि वर वाळका पाला पसरा. हवेसाठी समोरासमोरच्या दोन बाजूंना भोके हवीत, एक ओळ खाली आणि एक वर, म्हणजे हवा फिरती राहते. पिल्लांसाठी भोके दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. वर धातूची जाळी लावू नका. तिच्यात नख्या अडकून पाय तुटतो.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत नाकतोडे आणि रातकिडे भरपूर असतात. तेच खायला दिले तर खर्च वाचेल. (तासगाव)

देऊ नका. बागेत इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके मारली जातात, आणि फवारणी वाचलेला किडा अंगात विष घेऊन फिरत असतो. तो खाल्लेल्या कोळ्याचे पाय थरथरतात, चाल डगमगते, तो पाठीवर पडतो. यावर उतारा नाही. उसाच्या फडातले किडे आणि घरातली झुरळे यांचेही तेच. कोळी ठेवलेल्या खोलीत डास पळवण्याचे लिक्विड मशीन आणि झुरळांचा फवाराही बंद ठेवा. त्यातले घटक किड्यांसाठीच बनवलेले असतात आणि कोळ्यावरही काम करतात.

रातकिडे किंवा दुबिया (खाद्यासाठी मुद्दाम पाळली जाणारी) झुरळे घरीच वाढवा. भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा मोठे नको. लहान पिल्लांना आठवड्यातून दोनदा, मोठ्यांना आठ-दहा दिवसांनी द्या. सहा कोळी असतील तर आठ किडे सोडा, आणि तेही एका जागी न टाकता पेटीभर. एकाच कोपऱ्यात टाकले तर दोन धीट कोळी सगळे पळवतात, मागे राहिलेला आणखी मागे पडतो आणि पुढे तोच भक्ष्य होतो. एकत्र पेटी बिघडण्याचे हे सर्वात मोठे कारण. उरलेले जिवंत किडे दुसऱ्या दिवशी काढा. कात टाकत असलेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडू शकतो. कोणी सुस्त किंवा फिक्कट पडलेला दिसला, तर त्या आठवड्यात किडे डोके चिरडूनच द्या. बाकीच्यांचे पोट भरते आणि त्यालाही धोका राहत नाही.

प्रश्न : पाच कोळी होते, महिनाभर चारच दिसतात. पाचव्याला खाल्ले असेल का? (सांगली)

घाईने साली उचकू नका. कात टाकायच्या आधी हा कोळी फटीचे तोंड जाळ्याने बंद करून आत बसतो आणि काही आठवडे दिसत नाही. रात्री मंद लाल प्रकाशात सालींच्या मागून बघा आणि तळातल्या पाल्यात काय सापडते ते चिमट्याने उचला.

टाकलेली कात आणि खाल्लेला कोळी यांत फरक सहज कळतो. कात हलकी, पोकळ आणि पाय शाबूत असलेली असते. पाठीवरचे कवच झाकणासारखे सुटून बाजूला पडलेले असते आणि पोटाचा भाग पातळ, चुरगळलेल्या कागदासारखा असतो. खाल्लेला कोळी म्हणजे चघळून टाकलेला काळा, चिकट गोळा. त्यात पायांचे तुकडे आणि केस दबलेले दिसतात, वासही येतो. कात सापडली तर जपून ठेवा. पोटाच्या कातीच्या आतल्या बाजूवरून नर-मादी ओळखता येते. गोळा सापडला, तर उरलेल्यांचे खाणे आणि लपण्या लगेच वाढवा. पंधरा दिवसांत दुसरा गोळा दिसला, तर सगळ्यांना वेगळे करा, वाट पाहू नका.

प्रश्न : पावसाळ्यात काचेवर पाणी साचते, उन्हाळ्यात कोकोपीट धुळीसारखे होते. पाणी किती मारायचे? (सातारा)

काचेवर सकाळी थोडे दव चालते. दुपारीही थेंब दिसत असतील तर हवा कोंडली आहे: फवारणी पूर्ण थांबवा आणि भोके वाढवा. ओलाव्यापेक्षा कोंडलेल्या हवेने जास्त कोळी मरतात. एरवी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, पेटीची एकच बाजू भिजवा आणि दुसरी कोरडी ठेवा. पाण्याची वाटी मात्र बारमाही भरलेली हवी. तापमान २४ ते २८ अंश उत्तम. सांगली-मिरजेत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो, तेव्हा पेटी स्लॅबखालच्या खोलीतून काढून तळमजल्यावर, फरशीजवळ ठेवा. जवळ पाण्याचा माठ ठेवला तर आणखी बरे. हीटर किंवा दिवा आपल्याकडे लागत नाही.

प्रश्न : कोयनेच्या बाजूला झाडांच्या ढोलीत असे कोळी असतात असे ऐकले. एखादे कुटुंबच उचलून आणले तर भावंडांची अट आपोआप पूर्ण होईल ना? (पाटण)

नाही, आणि तिकडे जाऊही नका. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथून परवानगीशिवाय कोळीही उचलणे हा गुन्हा आहे. जंगलाबाहेरची झाडेही सोडा. ढोलीचे तोंड फोडले की त्या झाडावरची जागा कायमची जाते, आणि असे जुने, पोकळ झाड रस्ता रुंद करताना सर्वात आधी पडते. उरलेल्या ढोल्या राहू द्या.

प्रश्न : चावला तर काय करायचे? (मिरज)

या वंशातल्या कोळ्याचा चावा गांभीर्याने घ्या. मृत्यू झाल्याची नोंद नाही, पण तीव्र वेदना, सूज आणि काही तासांनी स्नायूंत पेटके येतात. ते पेटके काही दिवसांनी पुन्हाही उठू शकतात. जागा साबणाने धुवा, कापू किंवा आवळू नका, थेट रुग्णालयात जा आणि ‘टॅरँट्युला चावला’ असे स्पष्ट सांगा. सापाच्या विषावरची लस इथे उपयोगाची नाही.

टाळणे सोपे आहे. एकट्या कोळ्याच्या पेटीत एकाची जागा माहीत असली की पुरते. इथे सहाही कुठे आहेत हे मोजल्याशिवाय दार उघडायचे नाही. काम दिवसा करा. पेटी मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवा, ३० सेंटीमीटरचा चिमटा वापरा आणि झाकणाचा पारदर्शक डबा हाताशी ठेवा. हा कोळी पापणी लवायच्या आत कोपरापर्यंत पोचतो. घरात लहान मूल असेल, तर पेटीला कुलूप लावा.

प्रश्न : एक कोळी अचानक सडपातळ आणि लांब पायांचा झाला आहे, रात्रभर काचेवर फिरतो. आजारी आहे का? (विटा)

तो नर वयात आला आहे. शेवटची कात टाकल्यावर त्याच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोके बोंडासारखी फुगीर दिसतात. त्याला बाहेर काढा, नाहीतर बहिणींशी संग होईल आणि एका कोशातून निघणाऱ्या पिल्लांचे काय करायचे हा प्रश्न तुमच्या दारात उभा राहील. पकडण्यासाठी सालींत चिमटा घालू नका. तो काचेवर आला, की डबा हळूच वर धरा, मागून मऊ ब्रश पोटाच्या टोकाला टेकवा. तो स्वतःच डब्यात जाईल.