फोल्डर 60 जीबीचा, डिस्क मात्र 110 भरलेली

प्रश्न : दापोलीत आमचं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे. घरांच्या पाहणीचे अहवाल वर्डमध्ये करतो, आत भरपूर फोटो. ऑफिसातल्याच मशीनवर नेक्स्टक्लाऊड (फाईली साठवून सगळ्यांना वापरता येतील अशी प्रणाली) बसवलंय. सगळ्यांचे फोल्डर मिळून 60 जीबी दिसतात, पण डिस्कवर 110 जीबी गेलेत. जुन्या व्हर्जनमुळे, म्हणजे फाईलीच्या आधीच्या प्रतींमुळे होतं म्हणे. व्हर्जन बंदच करून टाकू का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बंद अजिबात करू नका. ‘बँकेला दिला तो मसुदा नेमका कुठला?’ हे तुमच्या धंद्यात कधी ना कधी कोणीतरी विचारतंच. जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळानंतर छपरं उडालेल्या घरांचे अहवाल ज्यांनी केले, त्यांना विचारा.

जागा जाते कुठे? सातबाऱ्यावर आजची स्थिती आणि बदल फेरफारात, अशी सोय इथे नाही. फाईलींची व्हर्जनं सांभाळणाऱ्या आरसीएससारख्या जुन्या प्रणाली तसं करतात : ताजी फाईल पूर्ण, मागच्यांचे नुसते फरक. नेक्स्टक्लाऊड मात्र प्रत्येक व्हर्जनची अख्खी फाईल ठेवतं. एखाद्या अहवालाची प्रत घ्या, नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. ‘मीडिया’ फोल्डरमध्ये सगळे फोटो सापडतील; तुमचा मजकूर एका कोपऱ्यातल्या लहानशा फाईलीत. 42 एमबीच्या अहवालात ‘कौलारू’चा उकार सुधारून सेव्ह केलंत, की आणखी 42 एमबी गेले. फोटो वर्डमध्ये टाकण्याआधी लहान करा. छापायला मोबाईलचा मूळ आकार लागत नाही. निम्मं दुखणं इथेच बरं होतं.

ही व्हर्जनं कायमची साठत नाहीत, विरळ होत जातात. पहिल्या तासात मिनिटाला एक, पहिल्या दिवसात तासाला एक, तीस दिवसांपर्यंत रोज एक, पुढे आठवड्याला एक. शिवाय मोकळ्या जागेच्या निम्म्याहून जास्त जागा ती खात नाहीत. पण गोम इथेच आहे. वापरकर्त्याला कोटा (जागेची मर्यादा) दिला नसेल तर मोकळी जागा म्हणजे अख्खी डिस्क! 300 जीबी रिकामे असतील तर व्हर्जनं 150 पर्यंत बिनधास्त पसरतील. प्रत्येकाला कोटा बांधून द्या. व्हर्जनं त्या कोट्यात मोजली जात नाहीत, म्हणून तर तुमचे दोन आकडे जुळत नाहीत.

त्याआधी ॲडमिनच्या पानावर ‘बॅकग्राऊंड जॉब्स’ बघा. तिथे ‘एजॅक्स’ निवडलेलं असेल तर कोणी पान उघडलं की एखादं काम उरकतं, एरवी साफसफाई तशीच पडून राहते. ‘क्रॉन’ करा, म्हणजे मशीनच ठरल्या वेळी कामं उरकेल, दर पाच मिनिटांनी. माझ्या मते दहातल्या निम्म्या तक्रारी यातूनच निघत असतील. कचरापेटीही रिकामी करा : तीस दिवस झाले तरी जागेची निकड नसेल तर तिथल्या फाईली पुसल्या जातीलच असं नाही.

यानंतरही जागा कमी पडली, तर कॉन्फिग फाईलीत व्हर्जनच्या मुदतीला ‘ऑटो, 180’ द्या. विरळ करण्याचा नियम चालू राहतो आणि 180 दिवसांहून जुनं सगळं जातं. बँकेला किंवा ग्राहकाला दिलेल्या मसुद्याच्या व्हर्जनला मात्र नाव द्या (नेक्स्टक्लाऊड 26 पासून पुढे ही सोय आहे). नाव दिलेलं व्हर्जन आपोआप पुसलं जात नाही.

आणि ‘अहवाल_अंतिम_नवीन_2’ हा प्रकार थांबवा. सगळ्या ऑफिसांत तो असतो, सरकारीतही. नवीन नावाने सेव्ह केलं की ती वेगळी फाईल झाली, जुना इतिहास तिच्यामागे येत नाही. जागा मात्र दोन्हीकडे जाते.

रात्रीचा बॅकअप बोर्ग किंवा रेस्टिकने घेत असाल तर तिथे चिंता कमी. ती फाईलीचे तुकडे करतात आणि तोच तुकडा पुन्हा आला तर दुसऱ्यांदा साठवत नाहीत, त्यामुळे न बदललेले फोटो बहुतेक एकदाच राहतात.

एक सावधगिरी : इंटरनेटवर ‘व्हर्जन्स क्लीनअप’ नावाची आज्ञा सापडेल. ती वाढीव व्हर्जनं निवडून काढत नाही, सरसकट सगळी पुसते. बॅकअप हातात असल्याशिवाय ती चालवू नका.