मास्टोडॉनवर #ठाणे रिकामं दिसतंय?

लगेच ॲप काढून टाकू नका. मास्टोडॉन म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर जोडून बनलेलं सोशल नेटवर्क. तुमच्या सर्व्हरवर कुणीतरी ज्यांना फॉलो करतं, बहुतेक त्यांच्याच पोस्ट तिथे पोचतात. लहान सर्व्हरवर #ठाणे ओसाडच असणार. एखाद्या मोठ्या सर्व्हरवर तोच टॅग ब्राउझरमध्ये उघडा, आवडलेल्या पोस्टची लिंक आपल्या सर्च बॉक्समध्ये चिकटवा आणि लिहिणाऱ्याला फॉलो करा. पुढच्या पोस्ट येत राहतील, जुन्या मात्र सगळ्या नाही.

‘#नवी मुंबई’ लिहिलंत की टॅग ‘नवी’वरच तुटतो. #नवीमुंबई असं सलग लिहा, मधे हायफनही (-) नको. रोमन लिपीतला टॅग वेगळा धरतात, तोही फॉलो करा (४.० आवृत्तीपासून टॅगच्या पानावर बटण आहे). आणि पोस्ट टाकताना ‘सार्वजनिक’च निवडा, नाहीतर ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो टॅगखाली दिसायचाच नाही.