सगळं दुहेरी दिसतं, कॅमेरा बिघडलाय का?

प्रश्न : बाबांच्या कपाटात याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन सापडला. आत डोळा लावला की मधल्या पिवळ्या चौकोनात सगळं दुहेरी दिसतं. त्याचा सेलही दुकानात मिळत नाही. दुरुस्तीला देऊ का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, घाई करू नका. दुहेरी दिसणं हा बिघाड नव्हे, रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची सोय, असाच असतो. दाराच्या चौकटीची उभी कड त्या चौकोनात धरा आणि लेन्सची कडी सावकाश फिरवा. दोन्ही कडा एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस झाला.

मूळ सेल ५.६ व्होल्टचा, पाऱ्याचा. तो बनणं थांबलं. ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो. तो बारीक आणि आखूड आहे, म्हणून भोवती कागद गुंडाळा, उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवा. मागचं बटण दाबून हिरवा दिवा लागला की जमलं. मग फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर ओढताना आतून ‘खट्’ येतं का ऐका. येत नसेल तर आतली रबरी गादी गेली आहे. या मॉडेलचं ते नेहमीचं दुखणं, तेवढ्यासाठी मात्र कारागीर गाठा.

माझ्याकडेही हाच आहे. आई खिडकीशी तांदूळ निवडत होती, मी लेन्स एफ १.७ ला पूर्ण उघडून फोटो घेतला. शटर इतकं हळू वाजलं, की तिनं मान वर केली नाही. सुपातली तिची बोटं काय सुरेख आली आहेत!

आणि लेन्सचं झाकण आठवणीनं काढा. बघायची खिडकी लेन्सहून वेगळी, त्यामुळे ते तसंच राहिलं तरी आतून चित्र स्वच्छ दिसतं. भाचीच्या बारशाचे माझे निम्मे फोटो असेच गेले, अजून हळहळ वाटते.