वाचक विचारतात : आर्चटॉप गिटारचा सुटा ब्रिज

प्रश्न : माझ्या जुन्या आर्चटॉप (वरची पाटी फुगीर असलेल्या) गिटारच्या साफसफाईसाठी सगळ्या तारा एकदम काढल्या, तर ब्रिजच (तारा टेकतात ती घोडी) सुटून हातात आला. आता मोकळ्या तारा सुरात लागतात, पण वरच्या पडद्यांवर स्वर चढतात. ब्रिज चिकटवून घ्यावा का? (पुणे)

उत्तर : चिकटवू मुळीच नका. तुमच्या गिटारचे काहीही मोडलेले नाही. व्हायोलिनसारखाच आर्चटॉपचा ब्रिजही फक्त तारांच्या दाबाने उभा राहतो. तारांची ओढ मागची टेलपीस (तारांची टोके अडकवायची पट्टी) पेलते आणि ब्रिज फक्त खाली दाब देतो. बारा-बावन्नच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५२ इंच) तारासंचाची एकूण ओढ ६५ ते ७० किलो असते. तार ब्रिजवर १४ अंशांनी वाकत असेल, तर त्यातला साधारण १६ किलो दाब फुगीर पाटीवर येतो. याच दाबावर आवाज अवलंबून असतो.

जागा अशी शोधा. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (पडद्यापर्यंतचे) अंतर मोजून दुप्पट करा. ते ३२४ मिमी आले, तर ६४८ मिमीवर खूण करा. पहिली तार या खुणेच्या एक-दोन मिमी मागे टेकते, सहावी चार-पाच मिमी मागे. एफ-छिद्रांच्या (पाटीवरच्या इंग्रजी f आकाराच्या छिद्रांच्या) आतल्या खाचा ही ढोबळ खूण. त्यांवर विसंबू नका. मग ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच तार दाबून वाजवलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरता आला तर मानेकडे. आधी पहिली तार, मग सहावी, आणि पुन्हा पहिली, कारण एक टोक हलवले की दुसरेही थोडे हलते. प्रत्येक वेळी तारा सैल करूनच सरकवा, नाहीतर व्हार्निशवर ओरखडे उठतात. तारा चढवताना ब्रिजचा माथा मानेकडे ओढला जातो, तोही सरळ उभा आहे ना ते पाहा.

सगळे जुळून एकटी तिसरी तारच चढी लागत असेल, तर दोष तारेचा आहे. जुन्या सॅडलच्या (ब्रिजचा वरचा, तारा टेकण्याचा भाग) पायऱ्या गुंडाळीच्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या) तिसऱ्या तारेसाठी कापलेल्या असतात. साधी तार घातली की ती चढी बोलते. गुंडाळीची तिसरी तार असलेला संच घ्या.

ब्रिजच्या पायांखाली पातळ कागद शिरतो का, हेही तपासा. शिरत असेल तर सॅडल आणि ब्रिजची उंची बदलणाऱ्या फिरकी-चकत्या काढा, ब्रिजच्या जागी १२० नंबरचा पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि पाय मान-टेलपीस दिशेने दोन-तीन सेंटिमीटर घासा. शेवटी २२० नंबरचा वापरा. हात डोलला की पायांच्या कडा गोल होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पुढच्या वेळी मात्र एकेक तारच बदला.

प्रश्न : पावसाळ्यात तारा फ्रेटपासून उंच होतात. मान वाकली का? (मुंबई)

उत्तर : बहुधा नाही. पाटीचे स्प्रूस लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. कडा चिकटवलेल्या असल्याने फुगवट्याला वरच जागा मिळते, आणि ब्रिजही वर उचलला जातो. चकत्या थोड्या खाली फिरवा, केसमध्ये आर्द्रतामापक ठेवून ४५ ते ५५ टक्के राखा. हिवाळ्यात त्या परत वर घ्याव्या लागतील.

हा त्रास कोरीव पाटीला जास्त होतो. गिब्सन कंपनीचे लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतल्या कॅलामझूत १९२२ साली आलेल्या एल-५ या आर्चटॉपची पाटी अशीच स्प्रूसच्या दोन जोडफळ्यांतून कोरलेली असे. मध्ये साधारण सहा मिमी, कडेला त्याहून पातळ. हे कोरणे फार नाजूक काम आहे: जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर पाटी बसते. प्लायवूडच्या पाटीचे थर एकमेकांना आडवे असल्याने ती कमी हलते. गिब्सनचेच १९४९चे ईएस-१७५ हे गिटार प्लायवूडचेच होते, तरी जॅझमध्ये त्याला मोठा मान आहे. तुमची कोणती, ते एफ-छिद्राच्या कडेत दिसते: वरच्या रेषा कडेतून तशाच उतरल्या तर कोरीव, थर दिसले तर प्लाय.

प्रश्न : आर्चटॉपला तरफा (आपोआप झंकारणाऱ्या साथीच्या तारा) बसवून मोहनवीणा (गिटारवरून घडवलेले भारतीय वाद्य) करता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : जुन्या कोरीव गिटारवर करू नका. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेवर वीस तारा आहेत, त्यांत बारा तरफा. सहा तारांसाठी कोरलेल्या पाटीवर आणि मानेच्या सांध्यावर हा जादा भार आला की पाटी बसते, सांधा उघडतो. सुरुवातीपासून त्या भारासाठीच बांधलेले वाद्य घ्या.